पेव फुटते म्हणजे काय होते?

गल्लोगल्ली शिकवणीवर्गांचे पेव फुटते, महामार्गालगत ढाब्यांचे पेव फुटते, निवडणूक तोंडावर आली की पक्षांतरांचे पेव फुटते. मराठी वर्तमानपत्रे हा वाक्प्रचार सर्रास वापरतात आणि वाचकही त्याला अडत नाही. एखाद्या नकोशा गोष्टीचा सुळसुळाट झाला, एवढा अर्थ पोचतो. पण पेव म्हणजे नेमके काय आणि ते फुटते म्हणजे काय होते, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येणार नाही. कुणी गळवाची कल्पना करील, कुणी मुंग्यांच्या वारुळाची. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात, कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, आष्टा हे गाव आहे. या पट्ट्याला हा शब्द परका नाही. वारणा जिथे कृष्णेला मिळते त्या हरिपुरात या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शेकड्यांनी पेवे वापरात होती आणि त्यांत हळद साठवली जात होती. मला असे म्हणायचे आहे की वस्तू विसरली गेल्यामुळे वाक्प्रचार बोथट झाला आहे. पेव कसे भरायचे आणि कसे उघडायचे हे नीट पाहिले, तर या शब्दाचा अर्थ तर उलगडतोच, शिवाय त्याचे मूळही याच कृष्णाकाठी, मराठी आणि कन्नड एका अंगणात नांदल्या त्या प्रदेशात सापडते.

पेवाची पहिली अट म्हणजे माती. नदीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात खोल खड्डा टिकत नाही आणि ओलही आत शिरते. त्यामुळे पेव शेतात नसे, गावठाणात असे. जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग मानत, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पेव हे पांढरीतले काम. उंचवट्याची, घट्ट, पाणी न झिरपणारी जागा निवडायची, माणूस उतरेल एवढेच तोंड ठेवायचे आणि खाली जाताना पोट रुंद करत न्यायचे, की जमिनीत पुरलेल्या रांजणासारखा आकार तयार होतो. हरिपूरची पेवे वीस-पंचवीस फूट खोल असत आणि एकेकात शेकडो पोती माल मावे. धान्याच्या पेवात भिंती शेणामातीने सारवून खडखडीत वाळवत. मग तळाला आणि कडेने कडबा, गवत, भुसकट यांचा जाड थर लावायचा, म्हणजे मातीची ओल दाण्यापर्यंत पोचत नाही. धान्य तोंडापर्यंत भरले की पुन्हा भुशाचा थर, त्यावर फरशी आणि फरशीवर चिखलाचे लिंपण. वरून माती सपाट केली की तिच्यावरून बैलगाडी गेली तरी खाली काय आहे ते कळू नये.

आत पुढे जे घडते त्यात या साठवणीचे सगळे शहाणपण आहे. धान्याचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. त्याच्याबरोबर आत गेलेले किडेही श्वास घेतात. तोंड बंद असल्याने आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि किडे स्वतःच्याच श्वासाने मरतात. औषध नाही, धुरी नाही, राखण नाही, तरी ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. भिंतीलगतचा थोडा दाणा ओलीने काळवंडतो, त्याला उबट वास येतो, तेवढी घट धरूनच चालायचे. आज शेतकऱ्यांना हवाबंद साठवणीच्या ज्या पिशव्या विकल्या जातात, त्यांचे तत्त्व अगदी हेच आहे. ज्या हवेमुळे किडे मरतात तिच्यामुळे माणूसही मरतो. म्हणून पेवाचे तोंड काढले की लगेच कुणी आत उतरत नसे. हवा खेळू देत, दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडत आणि तो विझला तर थांबत. ही रीत न पाळल्याने माणसे दगावली आहेत.

आणखी एक रीत होती. माझ्या मते वाक्प्रचाराची किल्ली तिच्यातच आहे. पेव थोडेथोडे काढून खाता येत नाही. कणगीतून आठवड्याला पायलीभर ज्वारी काढावी आणि उरलेली तशीच ठेवावी, हे पेवाला मानवत नाही. एकदा तोंड उघडले की हवा आत गेली, किडीला जीव आला, पावसाळी दिवस असतील तर ओलही आली. उघडलेले पेव रिकामेच करावे लागते. म्हणजे तीन-चार वर्षे ज्या जागी नुसती सपाट जमीन दिसत होती, तिथून एके दिवशी पोत्यांमागून पोती वर येतात आणि ज्वारीचा ढीग अंगणात मावेनासा होतो. पेव फुटणे म्हणजे हे. त्यात मोडण्याची कल्पना नाही. मराठीत झाडाला पालवी फुटते, रस्त्याला फाटा फुटतो, मुक्याला वाचा फुटते. या प्रत्येक ठिकाणी ‘फुटणे’ म्हणजे आत असलेले बाहेर येणे. पेवाच्या बाबतीत त्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या. दीर्घकाळ काहीच न दिसणे ही पहिली, आणि मग एकदम सगळेच दिसणे ही दुसरी. आज आपण दुसरी तेवढी ठेवली आणि पहिली सोडून दिली. एखाद्या शहरात बारा महिन्यांत तीस शिकवणीवर्ग निघाले तर ती नुसती गर्दी असू शकते. पण तिथल्या शाळांवरचा पालकांचा विश्वास दहा वर्षे आतल्या आत खचत आला असेल आणि त्यामुळे ते वर्ग निघाले असतील, तर त्याला पेव फुटणे म्हणावे. तिथे हा शब्द कारणाकडे बोट दाखवतो. लेखक-पत्रकारांनी हा भेद सांभाळला तर भाषेची एक धार परत येईल, असे मला मनापासून वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. पेव म्हणजे शेवटी लपवलेला साठाच ना? जमिनीखाली, तोंड लिंपून, वर माती सारखी करून ठेवलेले धान्य म्हणजे साठेबाजीच. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली आणि त्याच काळात भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यांकडे धान्य होते. ‘वाढीदिढी’ हा शब्द मराठीतच आहे: पेरणीच्या वेळी दिलेले धान्य सुगीला दीडपटीने परत घ्यायचे. पेवाचा मालक हा गावाचा सावकारही असू शकत होता आणि पेव त्याच्या हातातले हत्यार. हे सगळे खरे आहे, ते नाकारून पेवाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्यावरून पेव म्हणजे लपवणूक असे ठरत नाही. वीस फूट खड्डा खणायचा तर गाडाभर नव्हे, कित्येक गाडे माती वर येते. खणायला, सारवायला, भरायला गावातलीच माणसे लागतात. कुणाचे पेव कुठे आहे हे गावाला माहीत असे. गावाला कळत नसे ते एवढेच, की आत किती आहे आणि ते कधी उघडेल. जागा उघड आणि माप झाकलेले, अशी ही रचना आहे. लपवणूक म्हणजे जागाच कुणाला कळू न देणे. दुष्काळात लोकांचा राग ठराविक घरांवर जाई, याचे कारणही हेच. धान्य कुठे आहे हे लोकांना ठाऊक होते.

इतर भाषांशी ताडून पाहिले तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. अरबीत अशा भूमिगत कोठाराला मतमूरा म्हणतात. त्याचा धातूच पुरणे, दडवणे या अर्थाचा आहे. हा शब्द स्पेनमध्ये गेला आणि तिथे त्याचा ‘मासमोर्रा’ झाला, म्हणजे अंधारकोठडी. दडवण्याची कल्पना मुळातच असल्याने धान्याच्या जागी कैदी आले तरी शब्दाला अवघड गेले नाही. उलट आज धान्याच्या उंच टाक्यांना आपण सायलो म्हणतो, तो शब्द स्पॅनिशमध्ये मुळात जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याचा होता. साठवण वर आली तरी शब्द धान्याला धरून राहिला. पेव या दुसऱ्या जातीचे आहे. त्याच्या वापरात दडवण्यापेक्षा भरून ठेवण्याची आणि मोकळे करण्याची कल्पना प्रबळ आहे.

मराठीत साठवणीचे शब्द थोडे नाहीत, आणि कोणता शब्द कुणाच्या साठ्याला लागतो हे पाहण्यासारखे आहे. कोठार हा संस्कृत कोष्ठागारावरून आलेला. देवळाचे, मठाचे, राजाचे कोठार असते. अंबार फारसी, पन्हाळ्यावरचा अंबारखाना आजही उभा आहे, गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्यांचा, आणि त्यातल्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे असे सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे लोकांना मोकळी करून दिली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे; तिथेही साठा सरकारी आहे आणि शब्द कोठारच. सत्तेचे साठे जमिनीवर, दगडी भिंतींत, पहाऱ्यात असत आणि त्यांची नावे दरबारी भाषांतून आली. शेतकऱ्याच्या आणि गावच्या वाण्याच्या साठ्याला लागणारे शब्द मात्र वेगळे आहेत: कणगी, बळद, पेव. संस्कृत किंवा फारसी कोशात त्यांची सरळ वाट सापडत नाही. ती शेजारी शोधावी लागते.

शेजारी म्हणजे कन्नडात. उत्तर कर्नाटकात, विजापूर-धारवाडच्या ज्वारीच्या मुलखात, जमिनीतल्या धान्याच्या कोठाराला ‘हगेवु’ म्हणतात. वस्तू तीच, बांधणी तीच, पीकही तेच. पेव आणि हगेवु हे शब्द कानाला दूरचे वाटतात, पण कन्नडचा ध्वनीइतिहास समोर ठेवला की अंतर कमी होते. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ मध्ययुगात ‘ह’ झाला. दुधाचे ‘पालु’ हालु झाले, दहाचे ‘पत्तु’ हत्तु झाले, वाघाचे ‘पुलि’ हुलि झाले. तमिळमध्ये हे शब्द अजूनही ‘प’नेच सुरू होतात. आपल्या पुरणपोळीची कन्नड बहीण होळिगे, तिचेही जुने रूप पोळिगे. हाच नियम हगेवुला लावला तर मूळ रूप ‘पगेवु’च्या जवळचे निघते. आता मराठीची बाजू पाहू. दोन स्वरांमधला ‘ग’ झिजून जाणे हे मराठीच्या घडणीतच आहे. नगर या शब्दाचे नयर होऊन नेर झाले, म्हणूनच संगमनेर आणि जामनेर ही नावे आपल्याला मिळाली. नगरचे नेर होते, तसेच पगेवचे पयेव आणि पुढे पेव होते. एका बाजूला कन्नडने ‘प’ गमावला आणि ‘ग’ राखला, दुसऱ्या बाजूला मराठीने ‘प’ राखला आणि ‘ग’ गमावला. दोन्ही रूपे जोडली की पूर्ण शब्द हाती येतो. त्यातून काळाचाही अंदाज करता येतो. मराठीने हा शब्द उचलला तेव्हा कन्नडमध्ये ‘प’ शाबूत असला पाहिजे. म्हणजे उसनवारी ‘प’चा ‘ह’ पुरता होण्यापूर्वीची, फार तर यादवकाळापर्यंतची असावी.

हा तर्क आहे, आणि त्याला तीन बाजूंनी धक्के देऊन पाहिले पाहिजेत. पहिला धक्का असा, की कशावरून शब्द मराठीतून कन्नडमध्ये गेला नाही? तसे असते तर पेवचे पेवु किंवा हेवु व्हायला हवे होते. मधला ‘ग’ कुठून येणार? झीज होताना अक्षर जाते, आपोआप नवे येत नाही. दुसरा धक्का अनुस्वाराचा. जुन्या पुस्तकांत हा शब्द ‘पेंव’ असा छापलेला आढळतो आणि ग्रामचे गांव, नामचे नांव झाले, तसा इथेही मूळ ‘म’ असेल, असे कुणी म्हणेल. पण 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, ते सगळेच काही व्युत्पत्तीने आलेले नव्हते. नपुंसकलिंगी ‘व’कारान्त शब्दाला गांव-नांवच्या ओळीत बसवून अनुस्वार देणे लिहिणाऱ्याला सहज सुचण्यासारखे होते. तिसरा धक्का भूगोलाचा: शब्द सीमाभागापुरता नाही, सगळ्या मराठी मुलखात आहे, मग तो कन्नड कसा? याचे उत्तर नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात आहे. तो कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. म्हणजे आजचा सांगली-सातारा-सोलापूरचा मुलूख तेव्हा सीमाभाग नव्हताच. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द ज्या वाटेने घराघरांत आले, त्याच वाटेने कोठाराचा शब्दही आला असेल तर त्यात नवल नाही. शिवाय वस्तू या दोन्ही भाषांपेक्षा जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे सापडले. तेव्हाची माणसे त्यांना काय म्हणत हे आपल्याला कळणार नाही. पण या मातीत धान्य पुरून ठेवायला कुणी बाहेरून येऊन शिकवले नाही, एवढे निश्चित. शब्द उसना आहे, रीत उसनी नाही.

आता हा शब्द जिथे वस्तूसकट टिकला त्या आष्टा-हरिपूरच्या पट्ट्याकडे वळतो, कारण इतरत्र पेवे बुजली आणि इथे का राहिली, हा प्रश्न उरतोच. आष्ट्याचा भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली जिल्हा झाले. याच काळात इथली शेती बदलली. पाणी आले, साखराळ्यासारख्या ठिकाणी सहकारी कारखाने उभे राहिले आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. उसाला पेव लागत नाही. तोडलेला ऊस दोन-चार दिवससुद्धा ठेवता येत नाही, वजन आणि साखर दोन्ही घटतात. तो तोडायचा आणि थेट गव्हाणीत टाकायचा. ज्वारी खाण्यापुरती राहिली आणि शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळू लागला, तसे तीन वर्षांचे धान्य पुरून ठेवण्याचे कारणच संपले. धान्याचे पेव पुढे 2005 मध्ये आलेल्या पुरात वाहून गेले नाही. त्याची गरज आधीच गेली होती. हळद मात्र उसाच्या अगदी उलट. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेले हळकुंड दोन-तीन वर्षे सहज थांबू शकते, आणि तिचे भाव एवढे वरखाली होतात की थांबू शकणाऱ्यालाच चार पैसे मिळतात. किडीला मात्र ती बळी पडते. हवाबंद पेवात तिला कीड लागत नाही, रंग राहतो आणि वजनातही फारशी घट येत नाही. हरिपूरची चिकण, न झिरपणारी माती त्याला नेमकी लाभली.

त्यातून एक व्यापार उभा राहिला. सांगलीची राजापुरी हळद देशभर गेली ती नुसती पिकामुळे नव्हे. पेवात भरलेला माल बाहेर न काढता त्याची मालकी बदलत असे. विकणारा बदलला, घेणारा बदलला, हळद जमिनीखाली जागेवरच. सांगलीत हळदीचे वायदे चालत, त्यासाठी स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज नावाची संस्था होती. वायद्याला खात्रीचा, मोजलेला, न बिघडणारा साठा लागतो, तो पेवाने दिला. लपवणुकीचा आक्षेप घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. ज्या साठ्यावर अनोळखी व्यापारी पैसे लावतात, तो लपवलेला असून कसे चालेल?

2005 च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेल्या पुराने हे सगळे मोडले. पेवाचे लिंपलेले तोंड पाऊस सोसते, पण दिवसचे दिवस वर उभे राहिलेले पाणी सोसत नाही. हरिपुरात पेवांत पाणी शिरले, हळद कुजली, मातीच्या भिंती ढासळल्या. नदीच्या संगमावर अशी साठवण करणे हाच मूर्खपणा होता, असे नंतर म्हटले गेले. मला ते पटत नाही. पेवांची जागा पावसाच्या आणि नेहमीच्या पुराच्या अनुभवावर ठरलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला व्यवहार आंधळेपणाने चालत नाही. मात्र 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा जुना अनुभव आता पुरेसा नाही हे मान्य करावेच लागले. माल त्याआधीच गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला होता. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तिच्या ओळखीचा भाग असलेली पेवे बहुतेक रिकामी झाली होती.

सांगली परिसरातल्या महाविद्यालयांनी एक काम तातडीने हाती घ्यावे. पेव खणणारे, भरणारे, उघडणारे हमाल आणि मुकादम यांच्या तोंडचे शब्द नोंदवून घ्यावेत: तोंडाला काय म्हणत, पोटाला काय, लिंपणाला काय, बिघडलेल्या मालाला काय, उघडण्याच्या मजुरीला काय. मग जत आणि मिरज तालुक्यांतल्या कन्नड बोलणाऱ्या गावांत हगेवुविषयी हेच प्रश्न विचारावेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि नुसते कोठाराचे नावच नव्हे, तर त्याच्या भागांची आणि कामांची नावेही जुळली, तर वर मांडलेला तर्क पक्का होईल. ती जुळली नाहीत, तर पेवचे मूळ दुसरीकडे शोधावे लागेल. ही नावे माहीत असणारी माणसे आता साठी-सत्तरीत आहेत.